शाश्वतता म्हणजे नक्की काय? विहिरीच्या काठावरून समजून घेऊया

ज्यांना बसमध्ये इअरफोन सापडत नाहीत, किंवा ज्यांना आकडे ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी बघायला आवडतात, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना झालेले 'म्हणजे, म्हणजे' काढून टाकलेत, बाकी बोली तीच ठेवली आहे.

आजचा शब्द आहे सस्टेनेबिलिटी. मराठीत शाश्वतता. हा शब्द तुम्ही दिवसातून दोन-तीनदा तरी वाचता. टी-शर्टच्या टॅगवर असतो, शाम्पूच्या बाटलीवर असतो, कंपनीच्या वार्षिक अहवालात तर हिरव्या पानाच्या चित्रासकट असतो. इतका वापरलाय की त्याची धारच गेली. कोणी म्हणालं 'आम्ही सस्टेनेबल आहोत', तर आपण मान डोलावतो आणि पुढे स्क्रोल करतो.

माझं म्हणणं असं आहे की या शब्दाच्या आत एक साधं गणित आहे. येतं किती, जातं किती, मोजतं कोण आणि ठरवतं कोण. बस, एवढंच. हे चार प्रश्न विचारले की हिरव्या पानाच्या चित्रामागे काही आहे की नाही ते लगेच कळतं. आज आपण हे गणित अशा एका गोष्टीवर मांडून बघणार आहोत जी आपल्या सगळ्यांच्या पायाखाली आहे आणि कोणालाच दिसत नाही. भूजल. जमिनीखालचं पाणी.

हा शब्द आला कुठून?

जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात चांदीच्या खाणी होत्या. खाणीला लाकूड लागायचं. आतल्या बोगद्यांना आधार द्यायला लाकूड, धातू वितळवायच्या भट्टीला लाकूड, थंडीत घर गरम ठेवायला पुन्हा लाकूडच. आजूबाजूची जंगलं संपत चालली. तिथे हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ नावाचा एक अधिकारी होता. तो वनाधिकारी नव्हता बरं का, खाणींचा कारभार बघायचा. त्याने १७१३ मध्ये जंगलाच्या व्यवस्थापनावर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात एक विचार मांडला: जंगलात जेवढं नव्याने उगवतं, तेवढंच तोडा. त्यासाठी त्याने जो जर्मन शब्द वापरला, त्यातूनच आजची ही सगळी संकल्पना वाढली असं मानतात.

यातली मजेची गोष्ट लक्षात घ्या. या माणसाला चिंता होती खाण बंद पडण्याची. चांदी जमिनीत आहे, पण ती काढायला लाकूडच उरलं नाही तर? म्हणजे शाश्वततेचा विचार अगदी रोखठोक व्यवहारातून आलाय. 'पर्यावरण एकीकडे आणि पोटापाण्याचा प्रश्न दुसरीकडे' असं आपण जे सर्रास ऐकतो, ते या शब्दाच्या जन्मापासूनच चुकीचं आहे.

मग १९८७ साल. संयुक्त राष्ट्रांच्या एका आयोगाने अहवाल दिला. आयोगाच्या अध्यक्षा होत्या नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड. या अहवालातली व्याख्या आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. सोप्या शब्दांत सांगायचं तर, आजच्या गरजा अशा भागवा की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येतील. हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच व्याख्येला जोडून अहवालात आणखी एक मुद्दा आहे, जो बहुतेक लोक वाचतच नाहीत. गरजांचा विचार करताना गरिबांच्या मूलभूत गरजांना सगळ्यात आधी स्थान द्यायचं. म्हणजे फक्त 'उद्यासाठी शिल्लक ठेवा' एवढं पुरत नाही. आज कोणाला मिळतंय आणि कोणाला मिळत नाहीये, हाही त्याच प्रश्नाचा भाग आहे. हा मुद्दा डोक्यात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पगार आणि एफडी

समजा तुम्हाला महिन्याला पगार येतो आणि बँकेत आजोबांनी ठेवलेली एक एफडी आहे. पगारात घर चालवता, तोवर ठीक. एखाद्या महिन्यात खर्च वाढला, एफडी मोडून थोडे पैसे काढले, पुढच्या महिन्यात परत भरले, तरी ठीक. पण दर महिन्याला पगार अधिक एफडीतले थोडे असा खर्च सुरू झाला, तर बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं? घर मस्त चाललंय. नवीन टीव्ही आलाय. एफडी संपेपर्यंत कोणालाच काही कळत नाही, आणि ज्या दिवशी कळतं त्या दिवशी करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले यासाठी डॅशबोर्ड लावतो. सर्व्हरची मेमरी ८० टक्के भरली की मेसेज येतो, ९० टक्के झाली की फोन वाजतो. सर्व्हर बंद पडल्यावर कळून उपयोग नसतो. भूजलाची अडचण नेमकी इथे आहे. पाऊस हा पगार. जमिनीखाली साठलेलं पाणी ही एफडी. आणि बहुतेक गावांत, बहुतेक सोसायट्यांत या खात्याचं पासबुकच नाही.

आपल्या पायाखाली काय आहे?

लहानपणी मला वाटायचं की जमिनीखाली मोठी नदी किंवा तळं असतं आणि बोअर मारला की आपण त्यात स्ट्रॉ घालतो. तसं नसतं. महाराष्ट्राचा साधारण चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो बनला. हा दगड स्पंजसारखा पाणी पीत नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि दगडातल्या भेगांमध्ये. उत्तरेत गंगेच्या मैदानात गाळाचे प्रचंड खोल थर आहेत, त्यांच्या मानाने आपलं खातं फारच लहान आहे.

याचे दोन परिणाम होतात. पहिला, आपली विहीर लवकर भरते आणि लवकर रिकामीही होते. चांगला पाऊस झाला की ऑगस्टमध्ये काठोकाठ, आणि उपसा जास्त असेल तर फेब्रुवारीत तळ. दुसरा, खोल जाऊन फारसं काही हाती लागत नाही. पाचशे फूट, आठशे फूट बोअर मारला आणि नशिबाने एखादी भेग लागली तर पाणी येतं. पण त्या खोलीवर पाणी मुरायला वेळ लागतो, त्यामुळे दोन-तीन वर्षांत तोही आटतो. मग शेजारी आणखी खोल जातो.

आता यातली कायद्याची गंमत. १८८२ च्या इंग्रजी काळातल्या कायद्यापासून असा समज पक्का झाला की जमीन माझी, तर तिच्याखालचं पाणीही माझं. पण पाण्याला सातबारा वाचता येत नाही. माझ्या बोअरमधून येणारं पाणी शेजारच्या विहिरीखालून आलेलं असू शकतं. महाराष्ट्राने २००९ मध्ये भूजलासाठी वेगळा कायदा केला. त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनाची तरतूद आहे. कागदावर. उन्हाळ्यात कुठल्याही दुष्काळी तालुक्यात रात्री रस्त्याने जा, बोअरच्या गाड्यांचा आवाज ऐकू येईल.

चला, एका गावाचा हिशोब करू

कागद-पेन घ्या किंवा फोनचा कॅल्क्युलेटर उघडा. एक काल्पनिक गाव धरू. क्षेत्र १,००० हेक्टर, लोकसंख्या १,५०० आणि पाऊस ४०० मिलिमीटर. म्हणजे आपल्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यातलं कुठलंही गाव.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी होतं. हे एकच सूत्र लक्षात ठेवा. मग १,००० हेक्टरवर ४०० मिलिमीटर म्हणजे ४०० कोटी लिटर. ऐकायला किती मोठं वाटतं! चारशे कोटी लिटर असताना गाव तहानलेलं कसं?

कारण त्यातलं बरंचसं पाणी वाफ होऊन जातं, झाडं-पिकं पितात, काही ओढ्याने वाहून जातं. बेसॉल्टच्या भागात पावसाचा साधारण दहावा हिस्सा खाली मुरतो असं धरू. म्हणजे आपल्या खात्यात आले ४० कोटी लिटर. हा वर्षाचा पगार.

आता खर्च. ग्रामीण भागात घरगुती वापरासाठी माणशी रोज ५५ लिटर हा सरकारी निकष आहे. १,५०० गुणिले ५५ गुणिले ३६५. उत्तर येतं साधारण तीन कोटी लिटर. गुराढोरांचं आणखी थोडं धरा. चाळीस कोटींतले तीन-चार कोटी गेले. भरपूर शिल्लक आहे ना?

थांबा. एक हेक्टर ऊस. पाटाने पाणी दिलं तर वर्षाला साधारण दोन कोटी लिटर लागतात. म्हणजे दीड हेक्टर ऊस जेवढं पाणी पितो, तेवढ्यात अख्ख्या १,५०० लोकांच्या गावाचं वर्षभराचं घरगुती पाणी भागतं. आणि वीस हेक्टर ऊस लावला की गावाचा पूर्ण पगार संपला. हजार हेक्टरच्या गावात फक्त वीस हेक्टर! उरलेल्यांनी प्यायचं काय, हा प्रश्न मग एफडीवर जातो.

याच्या उलट रब्बी ज्वारी किंवा हरभरा घ्या. जमिनीत ओल असेल आणि दोन संरक्षित पाणी दिली, प्रत्येक वेळी सहा सेंटीमीटर, तर हेक्टरी साधारण बारा लाख लिटर. एका हेक्टर उसाच्या पाण्यात सोळा हेक्टरांवर ज्वारी तरते.

हे आकडे ढोबळ आहेत. मातीप्रमाणे, पद्धतीप्रमाणे बदलतील. पण प्रमाण बदलणार नाही. कुठल्याही भाषणापेक्षा हा चार ओळींचा हिशोब जास्त बोलतो, कारण यात 'पाणी वाचवा' असा उपदेश नाही. कोण किती घेतंय एवढंच दिसतं.

मग लोक असं करतात का? मूर्ख आहेत का?

अजिबात नाही. माझ्या मामाचं उदाहरण देतो. त्याची शेती दुष्काळी पट्ट्यात आहे. त्याला वरचं सगळं गणित माझ्यापेक्षा चांगलं कळतं. त्याने तिसरा बोअर मारला तेव्हा मी विचारलं, 'मामा, अजून एक?' तो शांतपणे म्हणाला, 'मी नाही घेतलं तर काय पाणी खाली राहणार आहे का? बांधापलीकडचा घेईल. मग मीच का कोरडा राहू?'

यावर तुमच्याकडे काय उत्तर आहे? माझ्याकडे नव्हतं.

शहरातलं उदाहरण घ्या. चार मित्र ट्रेकला गेलात, एकाच्याच फोनला रेंज आहे, त्याचा हॉटस्पॉट सगळे वापरताय. रोजचा डेटा ठरलेला. प्रत्येकाला माहीत असतं की जपून वापरायला हवं. पण प्रत्येकाला हेही माहीत असतं की आपण रील बघितलं नाही तर दुसरा बघणारच आहे. संध्याकाळी सातला डेटा संपतो आणि परतीची गाडी शोधायला मॅप उघडत नाही.

गॅरेट हार्डिन नावाच्या शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये याच पेचावर एक प्रसिद्ध लेख लिहिला. सामायिक कुरण असेल तर प्रत्येक जण आपलं एक जनावर वाढवत जाणार आणि शेवटी कुरणच नष्ट होणार, असा त्याचा युक्तिवाद. त्याच्या मते उपाय दोनच: सरकारने ताबा घ्यावा किंवा खासगी मालकी द्यावी.

पण एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन अभ्यासिकेने विचारलं, खरंच दोनच? तिने पीएचडी केली होती ती भूजलावरच. लॉस एंजेलिसजवळ पाणी उपसणारे लोक आपसांत करार करून उपसा कसा आवरतात, यावर. पुढे तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी जगभरची कुरणं, जंगलं, मासेमारी, कालवे अभ्यासले. निष्कर्ष असा की लोक स्वतः नियम करू शकतात आणि पिढ्यानपिढ्या पाळूही शकतात, पण काही अटी आहेत. कोण आत आणि कोण बाहेर हे स्पष्ट हवं. नियम त्या जागेला साजेसे हवेत आणि ज्यांना पाळायचेत त्यांचा ते ठरवण्यात सहभाग हवा. लक्ष ठेवणारा कोणी हवा. नियम मोडला तर आधी सौम्य, मग वाढती शिक्षा हवी. आणि भांडण सोडवायची स्वस्त, जवळची जागा हवी. या कामासाठी तिला २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा सन्मान मिळवणारी ती पहिली महिला.

म्हणजे मामाच्या प्रश्नाचं उत्तर असं: तू एकट्याने थांबून उपयोग नाही हे बरोबर आहे. पण बांधापलीकडचाही थांबेल अशी खात्री देणारी व्यवस्था बनवता येते.

आपल्याकडे हे कोणी केलंय का?

केलंय. आणि ऑस्ट्रॉमच्या कितीतरी आधी.

धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम अशा नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षांपासून आहे. नदीवर छोटा बंधारा, तिथून पाट, आणि पाटाखालच्या शेतीचे मोठे तुकडे म्हणजे फड. कुठल्या वर्षी कुठल्या फडात कुठलं पीक, हे शेतकरी मिळून ठरवत. पाणी सोडायला पाटकरी, राखण करायला जागल्या. पाणी कमी असलं की सगळ्यांनाच कमी. ऑस्ट्रॉमच्या यादीतल्या अटी एकेक करून तपासा, जवळपास सगळ्या सापडतील.

दुसरं उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्याचं. १९७२ च्या दुष्काळाने हादरून विलासराव साळुंखे या उद्योजक इंजिनिअरने नायगावला देवस्थानाची सुमारे चाळीस एकर माळरान जमीन कराराने घेतली आणि पाणी अडवायचे प्रयोग सुरू केले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम बघा. पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर ठरणार नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर ठरेल. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं पाणी, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. ऊस घ्यायचा नाही. जमीन विकली तर तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जाणार नाही.

भूमिहीनाला पाण्याचा हक्क! आठवतंय, ब्रुंटलँड अहवालातला तो न वाचला जाणारा मुद्दा? तो अहवाल यायच्या आधीच पुरंदरच्या माळावर तो अमलात आला होता.

तिसरं नाव तुम्ही ऐकलंच असेल. हिवरे बाजार, जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे आपलं पूर्वीचं नगर. पाऊस तुटपुंजा. ऐंशीच्या दशकात गावातली माणसं पोटासाठी बाहेर पडत होती. १९८९ मध्ये गावाने पोपटराव पवार या क्रिकेट खेळणाऱ्या, एम.कॉम. झालेल्या तरुणाला सरपंच केलं. डोंगरावर चर खोदले, नाल्यांवर बंधारे घातले, झाडं लावली, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली. पण हे सगळं पाणी वाढवण्याचं काम झालं. ते इतर अनेक गावांनीही केलं, आणि त्यातली काही पुन्हा कोरडी पडली. हिवरे बाजार टिकलं ते पुढच्या पायरीमुळे: त्यांनी खर्चाला लगाम घातला. शेतीसाठी बोअरवेलला बंदी. ऊस, केळी यांसारख्या पाणीखाऊ पिकांना बंदी. आणि दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती झाला ते मोजायचं, आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, आणि उरलेल्यात रब्बीला काय आणि किती पेरायचं ते ठरवायचं. पाऊस कमी झाला असेल तर कमी पेरायचं.

मला यातली ग्रामसभा जास्त महत्त्वाची वाटते. बंधारा एकदा बांधून होतो. 'यंदा गहू नको' हे शेजाऱ्याला तोंडावर सांगणं दरवर्षी करावं लागतं.

पण मग यंत्र, ठिबक, शेततळं?

आम्हा इंजिनिअर लोकांना लगेच तोडगा सुचतो. ठिबक लावा, सेन्सर लावा, ॲप बनवा. ठिबकने पाणी खरंच वाचतं, त्यात वाद नाही. पण वाचलेलं पाणी जातं कुठे, हा प्रश्न विचारा. बहुतेक वेळा शेतकरी त्याच पाण्यात आणखी एक एकर ऊस लावतो. एकूण उपसा तेवढाच राहतो.

हे नवीन नाही. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच लिहिलं होतं. वाफेची इंजिनं कमी कोळशात जास्त काम करू लागली, तेव्हा कोळशाचा एकूण वापर घटला नाही, वाढला. स्वस्त झालेली गोष्ट आपण जास्त वापरतो. तुमचा फोनच बघा. पूर्वी महिन्याला एक जीबी पुरायचा, आता दिवसाला दोन कमी पडतात.

शेततळ्याचंही तसंच. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायला शेततळं, ही मूळ कल्पना. पण अनेक ठिकाणी प्लास्टिकचा कागद अंथरून त्यात बोअरचं पाणी उपसून भरतात. म्हणजे जमिनीखाली सावलीत सुरक्षित असलेलं सामायिक पाणी वर आणून उन्हात ठेवायचं, आणि ते खासगी करून टाकायचं. बांधापलीकडच्याची विहीर मात्र लवकर आटते.

तंत्रज्ञान वाईट नाही. पण एकूण किती घ्यायचं याची मर्यादा आधी ठरली, तरच ते उपयोगी पडतं.

आणि हो, सगळं खापर ऊसवाल्या शेतकऱ्यावर फोडून मोकळं व्हायचं नाही. ऊस घातला की कारखाना घेणार हे माहीत असतं, दराला सरकारी आधार असतो. ज्वारी-बाजरीचं तसं नाही, बाजारात गेल्यावर काय मिळेल ते मिळेल. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे तो खात्रीचं पीकच निवडणार. आपण दुकानात ज्वारीच्या पिठाला काय देतो आणि सरकार कशाला आधार देतं, हे बदललं नाही तर ग्रामसभेवर सगळं ओझं टाकणं अन्यायाचं आहे.

हे सगळं माझ्यापर्यंत कसं येतं?

एप्रिल २०१६ आठवतं? लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी नेलं होतं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते. आता वरचा हिशोब लावा. पाच लाख लिटर म्हणजे एका हेक्टर उसाच्या वर्षाच्या पाण्याचा चाळिसावा भाग. एका शहराची तहान भागवायला रेल्वे धावते ती एवढ्यासाठी. एफडी संपली की असं होतं.

आणि त्याची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. ज्याच्याकडे पैसे आहेत तो टँकर मागवतो. ज्याच्याकडे नाहीत त्याच्या घरातली मुलगी शाळा बुडवून हंडा घेऊन रांगेत उभी राहते.

शहरात राहणाऱ्यांनो, आपण यातून सुटलेलो नाही. आमच्या सोसायटीत दोन बोअर आटले आणि उन्हाळ्यात टँकर सुरू झाले. मीटिंगमध्ये तिसऱ्या बोअरचा प्रस्ताव आला. सगळे हो म्हणत होते. मागच्या खुर्चीवरचे एक निवृत्त काका उठले आणि म्हणाले, 'पहिल्या दोन बोअरचं पाणी कुठे गेलं, हे कोणी सांगेल का?' कोणालाच सांगता येईना. तो टँकर कुठल्या गावच्या विहिरीतून भरून येतो, हेही कोणाला माहीत नव्हतं. तीन तास चाललेल्या त्या मीटिंगमधला हा एकच कामाचा प्रश्न होता. शेवटी ठरलं: आधी वर्षभर मोजू, मग बोअरचं बघू.

मग आपण काय करायचं?

दात घासताना नळ बंद करा, हे मी सांगणार नाही. ते तुम्हाला दुसरीतच शिकवलंय. थोडं पुढचं सांगतो.

एक, पासबुक सुरू करा. सोसायटीत प्रत्येक इमारतीला पाण्याचा मीटर, आणि विहीर किंवा बोअरची पातळी महिन्यातून एकदा मोजून नोटीस बोर्डावर. गावाकडे असाल तर पावसाळा संपल्यावर आणि मे महिन्यात विहिरीची पातळी मोजा. दोरी आणि टेप पुरते. तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की खातं कुठल्या दिशेने चाललंय ते दिसतं.

दोन, पगार वाढवा. १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर पुण्यासारखा ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण ६५,००० लिटर पाणी होतं. थोडं वाया गेलं तरी ५०,००० लिटर मुरवता येतं. तुमच्या गच्चीचा पाइप आत्ता गटारात जातोय का शोषखड्ड्यात, एकदा खाली जाऊन बघा.

तीन, खर्चाची मर्यादा सगळ्यांनी मिळून ठरवा. हे सगळ्यात अवघड आहे, कारण यात भांडणं होतात. ग्रामसभेला जा, सोसायटीच्या मीटिंगला बसा. आपल्या वयाची मुलं तिथे नसतात, म्हणून तिसऱ्या बोअरचा ठराव पाच मिनिटांत पास होतो.

चार, 'सस्टेनेबल' असं लिहिलेलं काहीही दिसलं की सुरुवातीचे चार प्रश्न विचारा. येतं किती, जातं किती, मोजतं कोण, ठरवतं कोण. पाण्याला लागू, जंगलाला लागू, मासेमारीला लागू, आणि तुमच्या कंपनीच्या त्या चकचकीत अहवालालाही लागू. उत्तरं मिळाली तर शब्द खरा. नाही मिळाली तर ते नुसतं हिरवं पान आहे.

या भागासाठी एक गृहपाठ देतो. आजी-आजोबांना फोन करा आणि विचारा, त्यांच्या लहानपणी विहिरीला किती हातांवर पाणी लागायचं. मग आज किती फुटांवर लागतं ते शोधा. दोन्ही आकडे आम्हाला व्हॉइस नोटने पाठवा, गावाच्या किंवा तालुक्याच्या नावासकट. पुढच्या एखाद्या भागात आपण ते सगळे एकत्र ऐकू.

तोवर ऐकत राहा, वाचत राहा, आणि मोजत राहा. भेटूया पुढच्या भागात.